पराक्रमाने आणि वैभवाने येणारा

एस. टी. स्टँडवर, रेल्वेच्या डब्यात किंवा आठवड्याच्या बाजारात एखादे छोटे पत्रक तुमच्याही हातात कधीतरी पडले असेल. येशू ख्रिस्त लवकरच परत येणार आहे, वेळीच तयार व्हा, असा त्याचा मथितार्थ असतो. आपल्यापैकी पुष्कळजण ते न वाचताच चुरगळून टाकतात. काहीजण हसतात. आम्ही बुद्धिवादी, आम्हाला त्याचे काय, असे म्हणतात. मला हे बरोबर वाटत नाही. ज्या आशेवर जवळजवळ दोन हजार वर्षे कोट्यवधी माणसे जगली आणि मेली, ती आशा हसून उडवण्यासारखी नसते. ती तपासावी लागते. तिच्यात जे खरे असेल ते मान्य करावे लागते आणि जे पटत नाही ते तितक्याच स्पष्टपणे सांगावे लागते. न तपासता स्वीकारणे जसे चूक, तसेच न तपासता टाकून देणेही चूकच.

मूळ भविष्य असे आहे. मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत ते थोड्याफार फरकाने आढळते. मोठ्या संकटाचे दिवस येतील. सूर्य काळवंडेल, चंद्राचा प्रकाश जाईल, तारे गळून पडतील. मग मनुष्याचा पुत्र मेघांवर बसून येताना सर्वांना दिसेल. तो कसा येईल, हे सांगताना मराठी बायबलात दोन शब्द वापरले आहेत: पराक्रम आणि वैभव. या दोन शब्दांवरच मला आज लिहायचे आहे.

प्रश्न साधा आहे. जो न्याय करायला येणार आहे, त्याला वैभव कशाला हवे? चांगुलपणा बलवान आहे म्हणून त्याच्यापुढे वाकायचे, की तो चांगुलपणा आहे म्हणून? आणि दुसरा प्रश्न त्याला लागूनच येतो. अशा येणाऱ्याची वाट पाहणे माणसाला उभे करते की खाली बसवते?

शब्दांचे वजन

आधी शब्द पाहू. जुन्या करारात वैभवासाठी हिब्रू भाषेत 'कावोद' हा शब्द आहे. त्याच्या मुळाशी जडपणाचा अर्थ आहे. गंमत अशी की आपल्या 'गौरव' शब्दाचेही तेच आहे. गुरू म्हणजे जड. जडपणा म्हणजे गौरव. आजही आपण म्हणतो, 'त्या माणसाचे तालुक्यात वजन आहे.' ज्याचे वजन आहे त्याचे काम होते. ज्याचे वजन नाही तो कचेरीच्या दारात उन्हात बसून राहतो. तेव्हा वैभव म्हणजे नुसता झगमगाट नव्हे. वैभव म्हणजे, कोणाला मोजायचे आणि कोणाला मोजायचे नाही, याचा हिशेब.

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. तिथे 'दोक्सा' हा शब्द आला. त्याचा जुना अर्थ मत, लोकांत असलेले नाव, कीर्ती. आणि ख्रिस्ताच्या येण्यासाठी 'पारुसिया' हा शब्द वापरला गेला. हा शब्द त्या काळच्या राज्यकारभारातला आहे. राजा किंवा सम्राट एखाद्या शहराला भेट देई, तिला पारुसिया म्हणत. त्यासाठी रस्ते दुरुस्त होत, नागरिक वेशीबाहेर सामोरे जात, आणि या सगळ्याचा खर्च रयतेकडून वसूल होई. अशा वसुलीच्या नोंदी इजिप्तमधल्या पपायरसांवर सापडल्या आहेत.

मी शाळामास्तर आहे. मला हा शब्द समजायला कोश उघडावा लागला नाही. साहेब तपासणीला येणार म्हटले की भिंतींना चुना लागतो, व्हरांड्यात रांगोळी येते, फळ्यावर सुविचार येतो, आणि मागच्या बाकावरच्या मुलाला सांगितले जाते, 'तू आज घरी थांबलास तरी चालेल.' साहेब येतात, शेरेपुस्तकात चार ओळी लिहितात आणि जातात. दुसऱ्या दिवशी शाळा जिथल्या तिथे असते. वैभवाने येणाऱ्याच्या भेटीत एक धोका नेहमी असतो. माणसे स्वच्छ होण्याऐवजी स्वच्छ दिसण्याच्या मागे लागतात.

पण शब्द राजदरबारातून आला एवढ्यावरून भविष्य दरबारी ठरत नाही. ते कोणी, कोणत्या परिस्थितीत उच्चारले, हे पाहिले पाहिजे.

पशू आणि माणूस

मेघांवरून येणाऱ्या मनुष्यपुत्राचे चित्र मूळचे दानीएलाच्या पुस्तकातले आहे. त्या पुस्तकाचा हा भाग इसवी सनापूर्वी १६७ ते १६४ च्या सुमारास लिहिला गेला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा यहुदी लोकांवर अंतियोखस चौथा या ग्रीक राजाचे राज्य होते. त्याने आपल्या नाण्यांवर स्वतःला प्रकट झालेला देव म्हणवून घेतले होते. यहुद्यांचा शब्बाथ आणि सुंता यांवर त्याने बंदी घातली. यरुशलेमच्या मंदिरात परकी वेदी उभारून ते विटाळले. जे ऐकत नव्हते त्यांना ठार मारले.

अशा दिवसांत दानीएलाचे स्वप्न लिहिले गेले. समुद्रातून चार पशू वर येतात: सिंहासारखा, अस्वलासारखा, चित्त्यासारखा, आणि चौथा सर्वांत भयंकर, दहा शिंगांचा. हे चार पशू म्हणजे चार साम्राज्ये. मग त्या पशूंची सत्ता काढून घेतली जाते आणि मेघांवरून कोणीतरी येतो. तो कसा असतो? सिंहापेक्षा मोठा सिंह? नाही. तो मनुष्याच्या पुत्रासारखा असतो. म्हणजे माणसासारखा.

वाचक हो, इथे थोडे थांबा. ज्यांना रोज पशूसारखे वागवले जाते, त्यांनीच हे उलटे चित्र काढले आहे. ते म्हणतात, पशू आम्ही नव्हे. पशू तुमची साम्राज्ये आहेत, आणि जे राज्य टिकणार आहे त्याचा चेहरा माणसाचा असेल. आणखी एक गोष्ट. त्याच अध्यायात पुढे स्वप्नाचा अर्थ सांगताना ते राज्य आणि त्याचा महिमा पवित्र जनांच्या लोकांना दिला जाईल असे म्हटले आहे. म्हणजे मूळ चित्रात वैभव एका व्यक्तीपाशी थांबत नाही. ते तुडवल्या गेलेल्या लोकांकडे जाते.

पुढे रोमन आले. इसवी सन ७० मध्ये टायटसच्या सैन्याने यरुशलेम घेतले आणि मंदिर जाळले. दुसऱ्या वर्षी रोममध्ये विजयाची मिरवणूक निघाली. मंदिरातला सात शाखांचा दीपवृक्ष लुटून नेतानाचे शिल्प रोमच्या टायटस कमानीवर आजही दिसते. रोमचे वैभव ते हेच. ज्यांना लुटले त्यांचीच मिरवणूक काढायची आणि ती दगडात कोरून ठेवायची.

येशूला त्याच रोमने क्रूसावर मारले होते. ही शिक्षा मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना दिली जाई. शरीराच्या वेदनेइतकीच ती अपमानाची शिक्षा होती. उघडे करून, रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे टांगायचे. तेव्हा 'तो वैभवाने येईल' या वाक्याचा पहिला अर्थ आपण नीट ऐकला पाहिजे. ज्याला तुम्ही सर्वांसमोर नागवे करून टांगले, त्याच्याच समोर एक दिवस तुम्हाला उभे राहावे लागेल, असे ते वाक्य म्हणते. अपमान झालेल्या माणसाचे वजन त्याला परत मिळाले पाहिजे, ही ती मागणी आहे. आपण, ज्यांच्या आज्या-पणज्यांना सावलीसुद्धा सांभाळून टाकावी लागली, त्या आपण ही मागणी समजू शकत नसू तर कोण समजेल?

मालकांना हा अर्थ फार चांगला कळला होता. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या निग्रो गुलामांसाठी बायबलची एक निवडक आवृत्ती छापली गेली. तिच्यातून इस्राएली लोक इजिप्तच्या गुलामीतून बाहेर पडल्याची कथा गाळली होती. ख्रिस्ताचे पुनरागमन आणि दुष्ट सत्तेचा नाश सांगणारे प्रकटीकरणाचे पुस्तक तर संपूर्ण गाळले होते. ज्या भविष्याला मालक भितो, त्यात गुलामाच्या कामाचे काहीतरी असते, एवढे तरी आपण मान्य करू.

सिंहासन तेच, बसणारा दुसरा?

आता दुसरी बाजू. पीडिताने आपली आशा राजाच्या भाषेत सांगितली, कारण त्याला मोठेपणाची दुसरी भाषा कोणी शिकवलीच नव्हती. पण उसनी भाषा फुकट मिळत नाही. तिच्याबरोबर सिंहासन येते, सैन्य येते, शत्रूला पायाखाली घालणे येते. प्रकटीकरणाच्या पुस्तकात शेवटी पांढऱ्या घोड्यावरचा स्वार रक्तात बुडालेला झगा घालून येतो. पशूंचा नाश करायला निघालेला माणूसच पशूसारखा दिसू लागला, तर जिंकले कोण? सिंहासन तेच राहून बसणारा फक्त बदलला, तर तळातल्या माणसाच्या मानेवरचे ओझे उतरत नाही. त्याला फक्त नवीन नाव मिळते.

हा धोका बायबलाला ठाऊक नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. तीन ठिकाणे पाहा.

पहिले ठिकाण अरण्यातले. येशू कार्याला सुरुवात करण्यापूर्वी सैतान त्याला उंच डोंगरावर नेतो, जगातली सर्व राज्ये आणि त्यांचे वैभव दाखवतो आणि म्हणतो, मला नमन कर, हे सगळे तुझे. येशू ते नाकारतो. इथे वैभवासाठी जो ग्रीक शब्द आहे, तोच शब्द पुनरागमनाच्या भविष्यातही आहे.

दुसरे ठिकाण शिष्यांचे. याकोब आणि योहान हे दोघे भाऊ येशूकडे येऊन मागणी करतात की तुझ्या वैभवात आम्हाला तुझ्या उजवीकडे आणि डावीकडे बसव. मंत्रिमंडळ स्थापन होण्याआधीच खात्यांसाठी खेटे घालणारे आजही असतात, तसेच हे. येशू त्यांना सांगतो की परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसे नसावे. ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने सर्वांचे दास व्हावे. आणि पुढे मार्क आपल्याला काय दाखवतो? येशूच्या उजवीकडे आणि डावीकडे शेवटी दोन लुटारू असतात, क्रूसावर.

तिसरे ठिकाण प्रकटीकरणातलेच आहे. योहानाला सांगितले जाते की सिंह विजयी झाला आहे. तो वळून पाहतो तर समोर वधलेले कोकरू उभे असते. ऐकला सिंह, दिसले कोकरू. त्या पुस्तकात रक्ताने भिजलेला स्वारही आहे आणि हे कोकरूही आहे. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. वाचणारा त्यातले कोणते उचलतो यावर पुढचा इतिहास ठरला. ज्यांच्या हाती सत्ता आली त्यांनी बहुधा घोडेस्वार उचलला.

मेंढरे आणि शेरडे

माझ्या मते या सगळ्या भविष्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. मनुष्याचा पुत्र आपल्या वैभवाने येतो, सिंहासनावर बसतो, सर्व राष्ट्रे त्याच्यापुढे जमतात आणि तो मेंढरे व शेरडे वेगळी करावीत तशी माणसे वेगळी करतो. इथपर्यंत सगळा दरबारी थाट आहे. पण निवाड्याची कसोटी काय? कोणी किती प्रार्थना केल्या, कोणी कोणता मतसिद्धांत मानला, कोण किती जागून वाट पाहत राहिला, यातले काहीही विचारले जात नाही. सहा गोष्टी विचारल्या जातात. भुकेल्याला अन्न दिले का? तहानलेल्याला पाणी? परक्याला आसरा? उघड्याला वस्त्र? आजाऱ्याची विचारपूस? कैद्याची भेट? राजा म्हणतो, या लहानातल्या लहानासाठी तुम्ही जे केले ते माझ्यासाठी केले.

तहानलेल्याला पाणी! वाचक हो, महाडच्या तळ्याचे १९२७ साल ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना या कसोटीचे मोल वेगळे सांगायला नको.

पण याहूनही खोल गोष्ट पुढे आहे. ज्यांनी हे सगळे केले ते आश्चर्याने विचारतात, आम्ही तुला केव्हा भुकेला पाहिले? म्हणजे त्यांना ठाऊकच नव्हते. राजा पाहत आहे म्हणून त्यांनी भाकर दिली नव्हती. समोरचा भुकेला होता म्हणून दिली होती. आणि ज्यांनी केले नाही तेही हेच विचारतात, आम्ही तुला केव्हा पाहिले? त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा की तू आहेस हे कळले असते तर आम्ही नक्की दिले असते. साहेब येणार हे कळले असते तर चुना मारला असता!

आता माझे म्हणणे मांडतो. या कथेतली चांगली माणसे वैभवाकडे न पाहता चांगली होती. त्यांच्या कृतीला सिंहासनाची गरज पडली नाही. मग कथेने स्वतःच सिद्ध करून दिले की चांगुलपणा आपल्या पायावर उभा राहतो. भाकर देण्याचे मोल भाकरीत आणि भुकेत आहे. ते नंतर येणाऱ्या राजाच्या शेऱ्यात नाही. राजा आला नाही तरी ती भाकर वाया गेलेली नसते.

त्याच कथेचा शेवट मात्र मला मान्य करता येत नाही. शेरडांना अनंतकाळच्या शिक्षेला पाठवले जाते. चूक कितीही मोठी असली तरी तिला मर्यादा असते. तिच्यासाठी अमर्याद शिक्षा हा न्याय होत नाही. जो भुकेल्याची बाजू घेतो त्याच्या हातात कधीही न विझणारी आग देणे, ही पुन्हा त्या उसन्या राजभाषेचीच करामत आहे.

वाट पाहणाऱ्यांचे काय झाले?

दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. वाट पाहण्याचे माणसावर काय परिणाम होतात?

इसवी सन ५० च्या सुमारास पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पत्र लिहिले. तिथल्या लोकांची अपेक्षा होती की ख्रिस्त आपल्या हयातीतच येईल. तो येण्याआधीच काहीजण वारले, तेव्हा उरलेले घाबरले. पौल त्यांचे सांत्वन करतो आणि आपण जे जिवंत उरू, अशा भाषेत बोलतो. म्हणजे त्याचीही तीच अपेक्षा होती. त्याच्या नावावर असलेल्या दुसऱ्या पत्रात, जो काम करायला तयार नाही त्याला खायला देऊ नका, अशी कडक ताकीद आहे. शेवट जवळ आला म्हणून काहींनी हातातली कामे सोडली असावीत, असे बरेच अभ्यासक समजतात. पिढी गेली, दुसरी गेली. मग पेत्राच्या नावाच्या दुसऱ्या पत्रात स्पष्टीकरण आले की प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा असतो. अशा स्पष्टीकरणाला मुदत नसते. म्हणूनच ते कधी खोटेही ठरत नाही, आणि त्याच कारणाने त्याच्यावर घर बांधता येत नाही.

अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा शेतकरी दानीएलाच्या पुस्तकातली गणिते मांडत बसला. त्याच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख नक्की केली. हजारो माणसे त्या दिवसाकडे डोळे लावून होती. काहींनी शेतातले पीकही काढले नाही. दिवस उजाडला, मावळला, कोणी आले नाही. इतिहासात त्या दिवसाला महानिराशा असे नाव पडले. मला त्या माणसांची टिंगल करावीशी वाटत नाही. रात्रभर जागून सकाळी आपल्या न कापलेल्या शेताकडे परत चाललेल्या कुटुंबाचे दुःख खरे होते. पण शेत कापायचे राहिले, हेही खरेच.

आता याच श्रद्धेतला दुसरा माणूस पाहा. १ फेब्रुवारी १९६८ रोजी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात पावसापासून आडोसा घेतलेले दोन सफाई कामगार कचरागाडीच्या यंत्रात चिरडून मेले. दोघेही काळे. त्यानंतर सुमारे १३०० सफाई कामगार संपावर गेले. त्यांच्या हातातल्या फलकांवर एकच वाक्य होते: मी माणूस आहे. दानीएलाच्या स्वप्नातले पशू आणि माणूस इथे रस्त्यावर उतरले होते. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्या पाठिंब्यासाठी मेम्फिसला आले. ते बाप्टिस्ट पंथाचे पाद्री. ३ एप्रिलच्या रात्री केलेल्या भाषणात त्यांनी सांगितले की स्वर्गातल्या सुखाच्या गोष्टी ठीक आहेत, पण इथल्या झोपडपट्ट्यांची आणि तीन वेळ पोटभर जेवायला न मिळणाऱ्या मुलांची काळजी करण्याची आज्ञा आपल्याला आहे. त्या भाषणाचा शेवट त्यांनी प्रभूच्या आगमनाच्या वैभवाचा उल्लेख करून केला. ते शब्द ज्युलिया वॉर्ड हॉव यांनी १८६१ मध्ये लिहिलेल्या गीतातले होते. दुसऱ्या दिवशी किंग यांची हत्या झाली. १६ एप्रिलला संप मिटला आणि कामगारांच्या संघटनेला मान्यता मिळाली.

तेच भविष्य, तोच शब्द. मिलरच्या अनुयायांनी वैभव आकाशात शोधले. किंग यांना ते संपावर गेलेल्या सफाई कामगारांच्या रांगेत दिसले. 'थांबा, अजून वेळ आलेली नाही' असे सांगणाऱ्या भल्या गोऱ्या धर्मगुरूंना त्यांनी १९६३ सालीच बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून उत्तर दिले होते. काळ आपोआप न्याय आणत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून मी असे म्हणणार नाही की ही श्रद्धा माणसाला नेहमीच खाली बसवते. मी एवढेच म्हणेन की ती ज्यांना उभे करते, त्यांनी वाट पाहणे सोडून दिलेले असते.

एक कठीण आक्षेप

इथे एखादा ख्रिस्ती बंधू मला विचारेल, 'मास्तर, तुमचे म्हणणे जिवंत माणसांपुरते ठीक आहे. पण जे मेले त्यांचे काय? मेम्फिसच्या त्या दोन कामगारांना संघटनेची मान्यता काय कामाची? ज्यांचे खून पचले, ज्यांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांना न्याय कोण देणार? कोणीतरी सामर्थ्याने येऊन मेलेल्यांनाही उभे केल्याशिवाय जगाचा हिशेब पुरा होणार नाही.'

हा आक्षेप हलका नाही. या भविष्याचे खरे बळ यातच आहे, असे मला वाटते. आणि माझ्याकडे त्याचे पूर्ण समाधान करणारे उत्तर नाही. मेलेल्याला न्याय देता येत नाही. हे दुःख आहे आणि ते दुःख म्हणूनच स्वीकारले पाहिजे. पण न सोसणारे दुःख आहे, एवढ्यावरून त्याचा उपाय अस्तित्वात आहे असे सिद्ध होत नाही. तहान आहे म्हणून विहीर असतेच असे नाही. विहीर खणावी लागते.

शिवाय जो न्याय सर्वस्वी दुसऱ्याच्या सामर्थ्यावर अवलंबून आहे, तो दुबळ्याला दुबळाच ठेवतो. त्याच्या बाजूने कोणीतरी लढतो. तो स्वतः प्रेक्षक राहतो. मेलेल्यांसाठी आपण करू शकतो ते एवढेच: त्यांची नावे लिहून ठेवणे, खटला सोडून न देणे, साक्ष फिरू न देणे, आणि त्यांच्या मुलांवर तीच पाळी येणार नाही असा कायदा आणि तसा समाज घडवणे. हे थोडे आहे. पण हे आपल्या हातातले आहे.

आपले घर

दुसऱ्याचे घर तपासले, आता आपले तपासू. बौद्ध वाङ्मयातही येणाऱ्याची कथा आहे. दीघनिकायातल्या चक्कवत्तिसीहनाद सुत्तात भविष्यकाळी मेत्तेय्य बुद्ध होतील असे सांगितले आहे. त्या नावावर चीनमध्ये बंडेही झाली. १३५१ साली मंगोल सत्तेविरुद्ध उठलेल्या लाल फेटेवाल्यांत मैत्रेय अवतरणार अशी हाकाटी होती. पण त्या सुत्ताची सुरुवात कशाने होते? भिक्खूंनो, स्वतःच स्वतःचे द्वीप व्हा, दुसऱ्याला शरण जाऊ नका, या अर्थाच्या उपदेशाने. शेवटी तोच उपदेश पुन्हा येतो. येणाऱ्याचे भविष्य मधे आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना स्वावलंबनाची भिंत आहे. ती भिंत विसरून आपण मैत्रेयाची वाट पाहू लागलो, तर आपल्यात आणि मिलरच्या अनुयायांत फरक राहणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात हाच भेद दाखवला होता. येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटले. बुद्धाने स्वतःला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता म्हटले नाही. हा भेद आपण पाठ केला आहे. पण जयंतीच्या मंडपात 'बाबासाहेब, तुम्ही पुन्हा या' असे फलक लागतात आणि तशीच गाणी वाजतात, तेव्हा आपण काय करत असतो? ज्या माणसाने २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीबद्दल देशाला सावध केले, त्याच्याच पुनरागमनाची आपण वाट पाहू लागलो. पुतळ्याचे वजन वाढत गेले आणि पुतळ्याच्या पायथ्याशी बसलेल्या मुलाचे वजन शाळेच्या तक्त्यात कमीच भरते, हे आपण पाहतो का? वैभव कुठे मोजायचे, हा प्रश्न फक्त ख्रिस्ती बंधूंना विचारून आपली सुटका नाही.

शेवटी एका यहुदी गुरूची गोष्ट सांगतो. योहानान बेन झक्काई हे यरुशलेमचा विनाश पाहिलेल्या पिढीतले. त्यांच्या नावाने सांगितलेली एक शिकवण अशी आहे की तुझ्या हातात रोप असेल आणि कोणी सांगत आले की मसीहा आला, तर आधी रोप लाव आणि मग त्याच्या स्वागताला जा. मंदिर जळालेले, शहर उद्ध्वस्त झालेले, आणि मसीहाची गरज कधी नव्हती इतकी असताना हा म्हातारा म्हणतो, आधी रोप.

वाचक हो, पुढच्या वेळी कोणी ते पत्रक तुमच्या हातात दिले तर चुरगळू नका. देणाऱ्याला बसवा, चहा पाजा, आणि त्याच्याशी मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायावर बोला. त्याला सांगा की ती सहा कामे आम्हालाही मान्य आहेत. तुमच्या-आमच्या गावात भुकेला कोण, पाण्यावाचून कोण, बिनावकील कच्च्या कैदेत कोण, याची यादी आपण दोघे मिळून करू. येणारा येईल की नाही, यावर आपले एकमत होणार नाही. यादी करायला त्याची गरजही नाही. काम मात्र आजच सुरू करता येईल.